हंटरवाली आणि मस्कतच्या इमामाचं जहाज

आमच्या शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. त्या वर्गाच्या दारात आल्या की मागच्या बाकावरून कुजबुज सुरू व्हायची, "आली रे हंटरवाली!" हातात साधी फूटपट्टी, पण नाव हंटरवाली. शेजारच्या आळीतल्या एका कडक सासूबाईंनाही हेच नाव होतं. हा शब्द आला कुठून, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. काही शब्द घरातल्या जुन्या पितळी डब्यासारखे असतात. कुणी आणला, कधी आणला, कुणी विचारत नाही, वापरतात.

त्या शब्दाचा पत्ता मला लागला तो थेट ओमानमध्ये. तर झालं असं..

2004 सालची गोष्ट. मस्कतच्या बाहेर पाण्याच्या पाइपलाइनचं काम चालू होतं. मालकाच्या बाजूने तपासणीला एक वयस्कर ओमानी गृहस्थ यायचे. पांढरीशुभ्र दिश्दाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी, हातात बारीक काठी. सगळे त्यांना 'वालिद' म्हणत, म्हणजे वडील. ते जन्मले झांजिबारला. ओमानी लोकांची दोनेक शतकांपूर्वीपासून झांजिबारला वस्ती होती, 1964 साली तिथे क्रांती झाली, अरबांची कत्तल झाली, जे वाचले ते पांगले. 1970 मध्ये सुलतान काबूस गादीवर आले आणि त्यांनी अशा लोकांना परत बोलावलं. हे त्यांतलेच एक. घरात स्वाहिली, ऑफिसात इंग्रजी, मशिदीत अरबी आणि चहाच्या टपरीवर हिंदी! हिंदी कुठे शिकलात म्हटलं, तर म्हणाले, "सिनेमात. झांजिबारला दुसरं होतं काय?"

एकदा साईटवर आम्ही करक पीत बसलो होतो. (करक म्हणजे आपला कडक चहाच. शब्दसुद्धा आपल्याकडूनच गेलेला, फक्त 'ड' वाटेत कुठेतरी समुद्रात पडला.) ते मला म्हणाले, "मुहंदिस, तुमच्या मुंबईत एक गोरी बाई होती. घोड्यावर बसून यायची, चाबूक मारायची, माणसं उचलून फेकायची. नाव काय तिचं?"

मला वाटलं, म्हाताऱ्याची गल्लत होते आहे. झांजिबारला हॉलिवूडचे सिनेमेही लागत असणार, त्यातली कुणी असेल. मी तसं म्हटलं. ते चिडलेच. "हिंदी सिनेमा होता! ती हिंदी बोलायची. तुझ्यापेक्षा वाईट बोलायची, पण हिंदीच."

त्या रात्री घरी फोन केला तेव्हा सहज वडिलांना विचारलं. पलीकडून क्षणभर शांतता, आणि मग माझ्या सत्तरीच्या जवळ आलेल्या, मोजकं बोलणाऱ्या वडिलांचा आवाज एकदम दहा वर्षांच्या पोरासारखा झाला. "नादिया! अरे, फिअरलेस नादिया! हंटरवाली!" पुसेगावच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पडद्याच्या पुढून बघायचे पैसे जास्त, मागून बघायचे कमी. वडील मागे बसायचे. मागून सगळं उलटं दिसतं, त्यामुळे त्यांची नादिया चाबूक कायम डाव्या हाताने मारायची. हे त्यांना पुढे कॉलेजात गेल्यावर समजलं, आणि तेव्हा जरा वाईट वाटलं म्हणे.

पुसेगाव आणि झांजिबार! दोन मुलं, एकमेकांपासून हजारो मैल लांब, एकाच बाईवर जीव टाकत होती. मग मला राहवेना. तेव्हापासून जे जे मिळालं ते वाचत आणि बघत गेलो.

तिचं खरं नाव मेरी इव्हान्स. जन्म 8 जानेवारी 1908, गाव ऑस्ट्रेलियातलं पर्थ. आई ग्रीक, वडील ब्रिटिश सैन्यात. वडिलांच्या पलटणीबरोबर हे कुटुंब 1913 च्या सुमारास मुंबईला आलं, मेरी तेव्हा पाच वर्षांची. दोन वर्षांत पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले. पुढे ती पेशावरला गेली. तिथल्या मुक्कामात ती घोड्यावर बसायला, बंदूक चालवायला, मासे पकडायला शिकली. मैदानी मुलगी. 1928 मध्ये पुन्हा मुंबई. तिथे आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समध्ये काउंटरवर विक्रीचं काम केलं. काळाघोड्याजवळची त्या दुकानाची दगडी इमारत आजही आहे, तुम्ही तिच्यासमोरून कित्येकदा गेला असाल.

पुढे बॅले शिकायला ती मादाम अस्त्रोव्हा नावाच्या रशियन बाईंकडे जाऊ लागली आणि मग त्यांच्याच ताफ्यातून गावोगाव फिरली. छावण्यांतले गोरे सैनिक, संस्थानिकांचे दरबार, साधी नाटकगृहं, जिथे रंगमंच मिळेल तिथे नाच. मध्यंतरी झार्को सर्कशीतही काम केलं. कोलांट्या, उड्या, पायांची कसरत, सगळं या काळातलं. आर्मेनियन ज्योतिषिणीने सांगितलं की 'न'पासून सुरू होणारं नाव घे, भाग्य उघडेल, म्हणून ती नादिया झाली, अशी कथा सांगतात. खरीखोटी देव जाणे. एवढं खरं की लाहोरच्या रीगल थिएटरच्या इरुच कांगांनी तिला पाहिलं आणि मुंबईच्या जमशेद वाडियांना कळवलं.

इथे मला थोडं आडवळणाने जायचं आहे, कारण वाडिया म्हटलं की मी मस्कतमध्ये येऊन पोचतो.

हे वाडिया म्हणजे जहाजं बांधणारे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची जहाजं बांधली. त्यातलं 1817 सालचं 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला अजून तरंगतं आहे. त्याच गोदीत मस्कतचा राजा सय्यद सईद बिन सुलतान याच्यासाठी 74 तोफांचं एक लढाऊ जहाज बांधलं गेलं. 1826 मध्ये ते पाण्यात उतरलं, नाव 'लिव्हरपूल'. दहा वर्षांनी सईदने ते इंग्लंडच्या राजाला भेट देऊन टाकलं आणि इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं 'इमाम'. मस्कतच्या इमामाची भेट म्हणून! याच सईदचं 'सुलताना' हे जहाज 1840 साली थेट न्यूयॉर्कला जाऊन आलं. तेही मुंबईचंच. आणि याच सईदने आपला दरबार मस्कतहून झांजिबारला हलवला. म्हणजे आमच्या वालिदांचे पूर्वज झांजिबारला पोचले ते याच राजाच्या काळात, असं धरायला हरकत नाही.

मस्कतमध्ये अल बुस्तानच्या चौकात 'सोहार' नावाचं जहाज मांडून ठेवलेलं आहे. खिळा न ठोकता, काथ्याने शिवलेलं. 1980-81 मध्ये ते मस्कतहून चीनपर्यंत गेलं होतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो आणि 'याचं लाकूड केरळचं बरं का' हे सांगून दोन मिनिटं उगाच फुशारतो. ही सगळी किनारपट्टी म्हणजे एकच गाव असल्यासारखी आहे. लाकूड तिकडून, कारागीर मुंबईचे, राजा इकडचा.

तर अशा घराण्यातला हा जमशेद, म्हणजे जे. बी. एच. वाडिया, जन्म 1901 चा. शिकलेला, वाचणारा, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळलेला. आणि डोक्यात वेड कसलं, तर डग्लस फेअरबँक्सच्या मारामारीच्या सिनेमांचं! धाकटा भाऊ होमी 1911 चा. दोघांनी 1933 मध्ये वाडिया मूव्हीटोन काढली. स्टुडिओ कुठे? परळला, वाडियांच्या जुन्या वाड्यात, लवजी कासलमध्ये. 1942 नंतर तिथे व्ही. शांतारामांचं राजकमल आलं म्हटल्यावर तुम्हाला जागा लगेच समजेल.

वाडिया मूव्हीटोनचा पहिला बोलपट होता 'लाल-ए-यमन'. यमन म्हणजे येमेन, आमचा इथला शेजारी. त्यात गाणाऱ्या मुलाचं काम केलं होतं फिरोज दस्तूर यांनी. होय, तेच, सवाई गंधर्वांचे शिष्य, पुण्याच्या महोत्सवात वर्षानुवर्षं गायलेले पंडित फिरोज दस्तूर. तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते. लेखन जोसेफ डेव्हिड यांचं. हे बेने इस्राएल समाजातले, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, आणि 'आलम आरा' ज्या नाटकावरून निघाला ते नाटकही त्यांचंच. पारशी निर्माता, ज्यू लेखक आणि परळमध्ये उभारलेलं येमेन! एकदा सलालाहून पश्चिमेकडे येमेनच्या सीमेच्या बाजूला गेलो होतो. डोंगर, उंट, धुकं आणि लोबानाची झाडं. परळच्या येमेनशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, पण मला आपला उगाच फिरोज दस्तुरांचा आवाज आठवत राहिला. असो.

नादिया वाडियांकडे आली तेव्हा जमशेदजींनी तिला एक सूचना केली. नाव घे 'नंदादेवी' आणि डोक्यावर लांब काळ्या वेणीचा टोप घाल.

ही सूचना विचित्र नव्हती, बरं का. तेव्हाची रीतच ती होती. मूकपटांच्या काळात पडद्यावर यायला आपल्या घरंदाज बायका तयार नसत, म्हणून ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली काम करायच्या आणि नावं आपली घ्यायच्या. रूबी मायर्सची सुलोचना झाली, रेनी स्मिथची सीतादेवी. बोलपट आले तशी हिंदी बोलता येईना म्हणून यातल्या कित्येकींची पंचाईत झाली. आणि नेमक्या अशा वेळी ही सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची बाई, जिचं हिंदी यथातथाच, ती म्हणते टोप घालणार नाही आणि नंदादेवीही होणार नाही! मी गोरी आहे, त्या वेणीत विदूषक दिसेन, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली आणि नादियाच राहिली. वाडियांनी ते ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. आधी 'देश दीपक'मध्ये छोटं काम दिलं, मग 'नूर-ए-यमन'मध्ये जरा मोठं, आणि प्रेक्षक काय म्हणतात ते बघून 1935 मध्ये तिच्याभोवती अख्खा सिनेमा रचला. 'हंटरवाली'. दिग्दर्शक होमी वाडिया, वय चोवीस.

गोष्ट सरळ आहे. दुष्ट प्रधान राणामल राजाला कैद करतो, राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा चढवते, हातात चाबूक घेते आणि रंजल्यागांजल्यांची वाली होते. खर्च सुमारे 80 हजार रुपये, त्या काळी चैनच. गोऱ्या बाईचा हा असला सिनेमा घ्यायला वितरक पुढे येईनात. जून 1935 मध्ये ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात तो लागला आणि पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला! बाजारात हंटरवालीचे पट्टे, चाबूक, पत्ते, काड्यापेट्या आल्या. वाडियांना त्यातला एक पैसा मिळाला नाही, पण शब्द भाषेत गेला तो गेलाच. आमच्या गणिताच्या बाईंपर्यंत पोचला.

पुढची दहा-पंधरा वर्षं तिची होती. 'मिस फ्रंटियर मेल' (1936), 'हरिकेन हंसा' (1937), 'लुटारू ललना' (1938), 'पंजाब मेल' (1939), 'डायमंड क्वीन' (1940), 'जंगल प्रिन्सेस' (1942). ती धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करते, गड्याला खांद्यावर उचलून फेकते, झुंबराला लोंबकळून माडीवरून खाली येते. बदली माणूस नाही, दोर नाही, विमा नाही. मी इंजिनिअर आहे, टपावरून पळणाऱ्या बाईकडे बघताना माझं निम्मं लक्ष तिच्या पायांखालच्या पत्र्याकडे जातं. साईटवर कुणी असं केलं तर मी त्याच दिवशी घरी पाठवीन! तिचे साथीदारही ठरलेले. पिळदार शरीराचा जॉन कावस, बोमन श्रॉफ, सयानी आतिश. घोडा 'पंजाब का बेटा', मोटार 'रोल्स रॉइस की बेटी' आणि 'गनबोट' नावाचा कुत्रा. घोडा आणि मोटार यांनाही नटाइतकाच मान. पोरं वेडी होतील नाहीतर काय! पोरासोरांत एक छोटा नटही होता, तो पुढे संगीतकार जयदेव म्हणून प्रसिद्ध झाला.

'फ्रंटियर मेल' ही खरी गाडी. 1928 साली सुरू झाली, मुंबई ते पेशावर. म्हणजे मेरी इव्हान्सच्या आयुष्याची दोन टोकं जोडणारी. आता ती अमृतसरलाच थांबते आणि नावही बदललं आहे.

हे सिनेमे बघत होतं कोण? परळचा स्टुडिओ गिरण्यांच्या गराड्यात. पाळी सुटली की कोकणातले आणि घाटावरचे कामगार तिकिटाच्या खिडकीवर. खेड्यांत माझ्या वडिलांसारखी पोरं, तंबूच्या मागच्या बाजूला. जाणकार मंडळी आणि पांढरपेशी घरं मात्र नाक मुरडायची. स्टंटपट म्हणजे थिल्लर. आमच्या आजोबांना मुलगा यात्रेत नादिया बघतो हे समजलं तेव्हा त्यांनीही हंटर काढला होता, खराखुरा, बैलाचा.

त्याच काळात आपल्या प्रभातने 1936 मध्ये 'संत तुकाराम' काढला, 1937 मध्ये 'कुंकू'. 'अमरज्योती'मध्ये दुर्गाबाई खोटे चाचेगिरी करणाऱ्या बाईच्या भूमिकेत होत्या, तोही 1936 चा. दुर्गाबाईंची सौदामिनी जहाज लुटते, बायकांवरच्या अन्यायाबद्दल खणखणीत बोलते, आणि आपण ते कलाकृती म्हणून बघतो. 'डायमंड क्वीन'मधली मधुरिका मुंबईला शिकून गावी परत येते, गावगुंडांना चोपते आणि बायकांना शिकू द्या, मोकळं राहू द्या, असं त्या मोडक्या हिंदीत सांगते, ते मात्र थिल्लर! मला 'कुंकू' थोर वाटतो, त्याबद्दल वाद नाही. पण बाईने सोसून दाखवलं तर कला आणि ठोसा मारून दाखवला तर करमणूक, हा हिशेब मला अजून नीट लागलेला नाही.

आता मूळ प्रश्न, जो मला त्या करकच्या कपापासून छळतो आहे. इंग्रजांचं राज्य. गोऱ्या कातडीबद्दल मनात राग. 1942 साली 'चले जाव'ची हाक जिथे उठली ते गवालिया टँकचं मैदान सुपर सिनेमापासून फार लांब नाही. आणि त्याच लोकांनी गोऱ्या सैनिकाच्या मुलीला आपली मानली, ती कशी?

एक उत्तर जमशेदजींच्या बाजूचं आहे. सेन्सॉर इंग्रजांचा, सरळ काही बोलायची सोय नाही. पण जुलमी प्रधान, कैदेतला राजा, पिचलेली रयत असं दाखवलं की पिटातल्या माणसाला समजायचं ते समजायचं. राणामलच्या जागी कोण आहे, हे कुणी फोड करून सांगायला नको होतं. या कामाला गोरी बाई मिळाली तर सरकारला संशयही यायचा नाही. दुसरं उत्तर थोडं कडू आहे. आखूड चड्डीत, उघड्या दंडांनी पुरुषांना बडवणारी बाई आपल्यातली असती तर लोकांनी थिएटर पेटवलं असतं. गोरी आहे, चालायचंच, अशी एक सूट तिला होती. ती सूट तिच्या बरोबरीच्या देशी नट्यांना नव्हती, हे विसरून चालणार नाही.

पण माझं खरं उत्तर निराळंच आहे. परदेशात इतकी वर्षं काढल्यावर सुचलेलं, त्यामुळे एकांगी असेल. तिने सोंग घेतलं नाही. वेणी लावली नाही, हिंदी चोख असल्याचा आव आणला नाही. जे तिच्याकडे होतं, ते म्हणजे घोडेस्वारी, कोलांट्या आणि न घाबरणं, तेवढं पुढे ठेवलं आणि रोज अंग सडकून काम केलं. पिटातला गिरणी कामगार दिवसभर अंगमेहनत करून आलेला. कोण खरंच उडी मारतो आणि कोण मारल्यासारखं करतो, हे त्याला डोळ्यांनी समजतं. त्याने तिची जात, भाषा, पासपोर्ट काही तपासलं नाही. 1941 च्या तिच्या सिनेमाचं नावच आहे 'बंबईवाली'. पर्थमध्ये जन्मलेली, ग्रीक आईची मुलगी, आणि पाटीवर बंबईवाली! मी इथे रियाल कमावतो, अरबी बऱ्यापैकी बोलतो, पण दर दोन वर्षांनी माझं रहिवासी कार्ड नव्याने होतं आणि त्यावर मी कुठला हे ठळक लिहिलेलं असतं. तक्रार नाही, करार तोच आहे. पण मस्कतवाला अशी पाटी माझ्यावर लागणार नाही, म्हणून त्या नावाकडे जरा जास्त वेळ बघत बसलो एवढंच.

घरात शिरणं मात्र पिटात शिरण्यापेक्षा अवघड निघालं. होमी आणि नादिया यांचं प्रेम सगळ्या स्टुडिओला ठाऊक. पण पारशी घर, आणि होमीच्या आईचा सक्त नकार. थोरला भाऊ जमशेद त्यांच्या बाजूने होता, तरी आईच्या हयातीत लग्न करायचं नाही असं ठरलं. किती थांबले? लग्न झालं 1961 मध्ये! तिचं वय त्रेपन्न, त्याचं पन्नास. टपावरून पळणारी, सिंहासमोर उभी राहणारी बाई एका म्हाताऱ्या सासूच्या 'नाही'पुढे पाव शतक गप्प बसली. सासू होऊ न शकलेल्या सासूच्या. मुंबईतल्या एका हंटरवालीला दुसरी भेटली म्हणायची.

मधल्या काळात दिवस पालटले होते. जमशेदजींना स्टंटपटांपेक्षा मोठं काही करायचं होतं. साधना बोस यांना घेऊन 1941 मध्ये 'राजनर्तकी' काढला, इंग्रजीतसुद्धा, खर्च अफाट. दोघा भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या, होमीने 1942 मध्ये बसंत पिक्चर्स काढली आणि पुढच्याच वर्षी नादियाचा 'हंटरवाली की बेटी' आणला. तोही चालला. स्वातंत्र्यानंतर तिचं वय वाढत गेलं, सिनेमे लहान होत गेले. बसंतला हनुमान, गणपती आणि अलीबाबा यांनी तारलं. पारशी होमी वाडियांनी रामभक्त हनुमान पडद्यावर आणला आणि गावोगावच्या बायाबापड्यांनी त्याला हात जोडले! 1968 मध्ये, साठीला आल्यावर, ती 'खिलाडी'मध्ये गुप्तहेर म्हणून एकदा परत आली आणि मग थांबली.

त्यानंतर विसर. गिरीश कार्नाड यांनी 1980 मध्ये लिहिलं की आपल्या लहानपणीचा सगळ्यात लक्षात राहिलेला आवाज म्हणजे घोड्यावरच्या नादियाची ती लांबलचक आरोळी. 1993 मध्ये जमशेदजींचा नातू रियाद विंची वाडिया याने तिच्यावर माहितीपट काढला, तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि जगाला एकदम ही बाई सापडली. मग जर्मन भाषेत चरित्र आलं, 2017 चा 'रंगून' तिच्यावरून सुचल्याची चर्चा झाली, 2018 मध्ये गूगलने तिच्या 110 व्या जन्मदिनी चित्र लावलं. ज्या जाणकारांनी नाक मुरडलं त्यांच्या नातवंडांनी प्रबंध लिहिले. चालायचंच.

9 जानेवारी 1996 ला ती मुंबईत गेली. आदल्या दिवशी अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली होती. होमी 2004 च्या डिसेंबरात गेले. म्हणजे आम्ही साईटवर करक पीत तिच्या नावावरून भांडत होतो तेव्हा ते मुंबईत हयात होते. हे समजलं तेव्हा चुकल्यासारखं झालं.

वालिदांना मी 'डायमंड क्वीन'ची सीडी आणून दिली होती, त्याच वर्षीच्या सुट्टीवरून येताना. माझ्या लॅपटॉपवर, पोर्टाकॅबिनमध्ये, एसीच्या घरघरीत आम्ही ती बघितली. ती पडद्यावर आली तेव्हा ते काही बोलले नाहीत. पहिली मारामारी सुरू झाली तशी काठी गुडघ्यावर आडवी घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. संपल्यावर विचारलं, "मग परत गेली का ती? तिच्या देशात?"

"नाही. मुंबईतच राहिली. तिथेच वारली."

"कुणी जा म्हटलं नाही?"

"नाही."

1964 च्या जानेवारीत त्यांनी झांजिबार सोडलं तेव्हा ते तिशीच्या आत होते. घर, दुकान, आईची कबर, सगळं तिथेच राहिलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, नंतर त्यांच्या मुलाकडून समजलं. त्या दिवशी ते फक्त "तय्यब" म्हणाले, म्हणजे छान, आणि पोऱ्याला आणखी दोन करक सांगितले.